बारा शुक्रवार

टक्.

न्हाणीघरातला गीझर तापून आपोआप बंद झाला, आणि एवढ्याशा आवाजानं मी दचकले. शुक्रवारची सकाळ होती. ओजस त्याच्या बाबाकडे होता. गुरुवारी शाळा सुटली की तो परस्पर तिकडे जातो आणि रविवारी संध्याकाळी परत येतो. मग त्याच्या आंघोळीचं पाणी मी कुणासाठी तापवलं? सवयीनं बटण दाबलं गेलं होतं. घटस्फोटाला दोन वर्षं होत आली, पण माझ्या हातांना अजून वार कळत नाहीत.

आई देवापुढे वाती वळत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तापलंच आहे तर डोक्यावरून घे बाई. द्राक्षांचा हंगाम सुरू झाल्यापासून पार झिपरी झालीयेस."

"घरात एक झिपरा आहे तो पुरे नाही का?"

"त्याचं काय, त्याला कोर्टानं झिपरा केलाय."

खरंच होतं. ओजस सहा वर्षांचा. डिसेंबर लागल्यापासून त्याच्या केसांना कात्री लावायची नाही असा कोर्टाचा हुकूम होता. केस कानांवरून खाली आले होते, शाळेत पोरं त्याला 'अस्वल' म्हणायची, आणि आई त्याला दोन पिना लावून 'माझी नात' म्हणून चिडवायची. फेब्रुवारी सरता सरता प्रयोगशाळेची बाई आली आणि मानेवरून, मुळाशी, पेन्सिलीच्या शिशाएवढी जाड बट कापून घेऊन गेली. तेव्हापासून मी वाट बघत होते. रोज. फोन वाजला की हातातलं टाकून धावायचे.

त्या सकाळी तो वाजला. 'केशलेख अहवाल तयार आहे. दोन्ही पालकांना पाठवला आहे.'

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते; मलाही आधी कुठे ठाऊक होतं. केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो, म्हणजे दिवसाला मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. मुळाशी तो घडत असतो तेव्हा त्या दिवशी रक्तात जे असेल त्याचा कण त्यात अडकतो, आणि मग कितीही तेल लावा, कितीही धुवा, तिथेच राहतो. माणूस घाबरला, आतून आवळला गेला की रक्तात कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य वाढतं. त्याचाही कण केसात जातो. पूर्वी केसाचे तुकडे करून महिन्याची सरासरी तेवढी काढता यायची. आता लेझरचा अतिबारीक ठिपका केसाच्या टोकापासून मुळापर्यंत सरकवत नेतात, साठ केसांचे आकडे एकमेकांवर ठेवतात आणि एकेक दिवस सुटा करतात. लहान मुलं कोर्टात बोलत नाहीत, बोलली तरी शिकवल्यासारखी बोलतात. केसाला कोण शिकवणार? म्हणून ताब्याच्या प्रकरणात न्यायाधीश हल्ली केशलेख मागवतात.

अडचण एकच होती. केसावर तारीख नसते. एकाचा केस भरभर वाढतो, एकाचा हळू. ताप आला तर काही दिवस थांबतोसुद्धा. म्हणून प्रयोगशाळा 'खूणडोस' देते. चमचाभर गोड पातळ औषध. शरीराला त्याचं काही नाही, पण त्या दिवशीच्या केसात एक बारीक रेघ उमटते. दर चार आठवड्यांनी एक, असे तीन डोस. त्या तीन रेघांवरून बारा आठवड्यांचे सगळे वार लावले जातात. डोस माझ्या घरी, सोमवारी सकाळी द्यायचे होते आणि दिल्यावर फोनवरच्या प्रयोगशाळेच्या अ‍ॅपमध्ये तशी नोंद करायची होती.

मी अहवाल उघडला. बारा ओळी, प्रत्येक ओळीत सात चौकोन. शांत दिवस हिरवा, ताणाचा लाल. माझे सोमवार, मंगळवार, बुधवार हिरवे, श्रावणातल्या शेतासारखे. आणि बारा शुक्रवारांपैकी अकरा लाल.

अ‍ॅडव्होकेट देवरे मॅडमचा फोन पाच मिनिटांत आला. "केतकी, पेढे आणा! इतका स्वच्छ केशलेख मी आजवर पाहिला नाही. त्यांच्याकडचा रात्रीचा मुक्काम बंद करून मागू. रविवारी चार तास भेट, तीही समुपदेशकासमोर. पुढच्या तारखेलाच मागते."

मला आनंद झाला. लपवत नाही. फोन ठेवला, आणि मग तो आनंद पायांतून निघून गेला. अकरा शुक्रवार. माझं लेकरू तिकडे दर शुक्रवारी कशाला घाबरत होतं? आणि आज शुक्रवारच होता.

*

सोमवारी मी पॅकहाऊसमधून लवकर निघते. द्राक्षांच्या निर्यातीचं काम आमचं. मी त्यांची साखर मोजते. सोमवारी माल कमी असतो, म्हणून चारला सुटका होते. ओजस शाळेतून येतो, आई त्याला राजगिऱ्याची वडी देते, मग आम्ही दोघं बाल्कनीतल्या झोपाळ्यावर बसतो. त्याचं डोकं माझ्या मांडीवर. याला आम्ही 'सोमवारच्या गप्पा' म्हणतो. तीन दिवस तो माझ्या नजरेआड असतो, ते तीन दिवस मी त्या तासाभरात परत मिळवते. आठवड्यातला माझा सगळ्यात लाडका तास. देवरे मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, मूल जे सांगेल ते तारखेनिशी लिहून ठेवा. म्हणून शेजारी एक वही असते. तपकिरी पुठ्ठ्याची.

"काय रे राजा, जेवायला काय होतं तिकडे?"

"पिठलं. आणि एकदा बाहेरून पावभाजी."

"किती वाजता झोपलास?"

"घड्याळ बघितलं नाही."

"शुक्रवारी काय काय केलंत?"

"पोहायला गेलो."

"मग?"

तो पायाच्या अंगठ्यानं झोपाळ्याची कडी खाजवत राहिला.

"मग काय झालं, ओजू? आईला सांगायचं नाही का?"

"पाणी गार होतं."

"तरी बाबा पाण्यात ओढत होता का तुला?"

त्यानं मान फिरवून माझ्याकडे पाहिलं. "थोडंसं," तो म्हणाला.

मी लिहिलं. तारीख, वार, 'पाण्यात ओढले'. मग नेहमीचं शेवटचं विचारलं, "माझी आठवण आली?" आणि तो म्हणाला, "खूप." मी त्याच्या झिपऱ्यांचा पापा घेतला. त्याचे खांदे ताठ होते. पोहून अंग दुखत असेल, मला वाटलं.

*

रविवारी ताबाबदल जॉगिंग ट्रॅकच्या फाटकापाशी होतो. त्या रविवारी निनाद आधीच येऊन उभा होता. ओजसचा बाबा. आठवड्यात वाळल्यासारखा दिसत होता. ओजस घसरगुंडीकडे पळाला.

"डबा धुऊन दिलाय," निनाद म्हणाला. "नाहीतर तेही वहीत जायचं."

"वही तुला कुणी सांगितली?"

"पोरानं. लपवतं का ते काही?" त्यानं चपलेनं खडा उडवला. "केतकी, भांडायला नाही आलो. मी पोहणं बंद केलं. शुक्रवारी माझी आई यायची, तिलाही सांगितलं, येऊ नको. परवा शुक्रवारी तर मी त्याच्याशी धड बोललोसुद्धा नाही. हे बोललो तर लाल होईल का, ते बोललो तर होईल का. तो चित्र काढत बसला, मी समोरच्या खुर्चीत. कैद्यासारखे. तोच विचारायला लागला, बाबा तू आजारी आहेस का."

"मग शुक्रवारी काय होतं ते तूच शोध."

"शोधतोय ना! बारातला एक शुक्रवार हिरवा आहे, पाहिलास? सहावा. त्या दिवशी मी त्याला खरोखर रागावलो होतो. पाण्याची बाटली तिसऱ्यांदा हरवली म्हणून. रडला होता तो. आणि तोच हिरवा!" तो हसला, पण ते हसणं नव्हतं. "आणि तू त्याची किडलेली दाढ काढून आणलीस तो बुधवार हिरवागार. वर लिहिलंय, पूर्ण शांत. त्याच्या आधीचा माझा रविवार मात्र लालभडक. त्या रविवारी आम्ही दिवसभर गच्चीवर पतंग उडवत होतो, केतकी. पोरगं हसून हसून लोळत होतं. पण तू कशाला ऐकशील म्हणा."

मी ऐकलं नाहीच. ओजसचा हात धरला आणि निघाले. 'दाढ' हा शब्द मात्र माझ्यासोबत रिक्षात बसून घरी आला.

दाढ काढली त्या दिवशी तो असा किंचाळला होता की बाहेरची दोन मुलं रडायला लागली. माझ्या दंडावर त्याची नखं उमटली होती. तो दिवस शांत?

रोज सकाळी मी काय करते ते सांगते. साखर मोजायच्या यंत्रावर आधी शुद्ध पाण्याचा थेंब टाकते. पाण्यात साखर शून्य. यंत्रानं शून्य दाखवलं तर पुढची मोजणी खरी. शून्य सरकलेलं असलं तर द्राक्षाचा प्रत्येक मणी चुकीचा मोजला जातो, पण गंमत अशी की आकडे सगळे नीटनेटकेच दिसतात. चूक कुठेच दिसत नाही.

ओजस आजीबरोबर टीव्ही बघत होता. मी स्वयंपाकघरात अहवाल ओट्यावर ठेवला. दाढेच्या बुधवारावर बोट ठेवलं आणि मागे सरकवत गेले. मंगळवार हिरवा. सोमवार हिरवा. रविवार लाल, त्या आठवड्यातला सगळ्यात गडद. तीन घरं.

मग तो एकटा हिरवा शुक्रवार घेतला. तिथून तीन घरं पुढे. शनिवार, रविवार, सोमवार. त्या सोमवारी काय होतं? फोनमध्ये तारीख पाहिली. त्या सोमवारी मी पुण्याला होते, कंपनीच्या प्रशिक्षणाला. दोन दिवस. त्या सोमवारी गप्पा झाल्या नव्हत्या.

बाकीचे अकरा शुक्रवार तीन घरं पुढे सरकवायची गरज नव्हती. तरी मी एकेक सरकवले. सोमवार. सोमवार. सोमवार.

*

"आई, खूणडोस तू कधी दिलास?"

ओजस झोपल्यावर विचारायचं ठरवलं होतं, तेवढा धीर निघाला नाही. तिला हाक मारून स्वयंपाकघरात बोलावलं.

"कसला डोस?"

"ते गोड औषध. डिसेंबरात. सोमवारी सकाळी मी कामाला निघून गेल्यावर तू देणार होतीस."

"दिला की. तिन्ही दिले. सांडला नाही थेंबभर."

"सोमवारी दिलास?"

आईनं पदरानं हात पुसले. कोरडेच होते. "त्या सोमवारी अमावास्या होती, केतू. कार्तिकातली. अमावास्येला लेकराच्या तोंडात नवं औषध कोण घालतं? आणि तीन दिवसांवर मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आला होता. लक्ष्मीचा घट मांडला, पूजा झाली, तिच्यासमोर पहिला चमचा दिला. शाळेत जायच्या आधी. किती चांगला दिवस!"

"आणि पुढचे दोन?"

"तेही गुरुवारीच. औषधाचा वार मोडायचा नसतो. मोजून चार आठवड्यांनी दिले हो, मी काही अडाणी नाही."

"पण तुझ्या फोनवरून 'दिला' म्हणून सोमवारीच नोंद आहे!"

"तो मेला केकाटत होता. बंदच होईना. दोनच बटणं होती, 'दिला' आणि 'नाही दिला'. 'नाही दिला' दाबलं की परत दहा मिनिटांनी केकाटायचा. म्हटलं, देणारच आहोत ना." ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. "काय झालं? त्यानं काही अपाय झाला का पोराला?"

मी तिला सांगितलं. खुणेची रेघ गुरुवारची, प्रयोगशाळेनं धरली सोमवारची. म्हणून सगळं पंचांग तीन दिवस मागे गेलं. आपल्या घरातला सोमवार निनादच्या शुक्रवारी जाऊन बसला. तिला समजायला वेळ लागला नाही. समजल्यावर मात्र ती पाटावर बसली.

"म्हणजे ते लाल आपल्याकडचं?"

"हो."

"सोमवारी आपण करतो काय त्याला? वडी देते मी. तू गप्पा मारतेस."

आतून कार्टूनमधल्या कुणाच्या तरी हसण्याचा आवाज येत होता.

"कुणाला ठाऊक आहे हे?" आईनं आवाज खाली आणला. "तुला न् मला. बरोबर? मग राहू दे. देवीसमोर दिलंय मी ते. तिच्या मनात असेल पोर इथं राहावं."

त्याच रात्री फोनवर सांगितल्यावर देवरे मॅडमनी देवीचं नाव काढलं नाही, पण बोलल्या तेच. "केतकी, कोर्टानं विचारलं तर खोटं बोलू नका. विचारलं नाही तर आपण होऊन सांगायचं कुठे लिहिलेलं नाही. समोरच्या वकिलानं शोधावं." मग थोडं थांबून, "हे उलटं लागलं तर काय होईल, कळतंय ना? जो मुक्काम आपण त्यांचा बंद करायला निघालो होतो, तो तुमचा बंद होईल. शांतपणे विचार करा. तारखेला नऊ दिवस आहेत."

नऊ दिवस. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी मणी मोजत राहिले. शून्य लावलं का, हे सकाळभरात तीनदा तपासलं. पॅकहाऊसमधली मंदा म्हणाली, "ताई, पाण्यात साखर शोधताय का?"

मी स्वतःला समजावत होते. सोमवार लाल असतो तो तिकडून आल्यामुळे असेल. घर बदलल्याचा शीण. मुलं आल्या आल्या थोडी बिथरतातच. पण तसं असतं तर रविवारच लाल हवा होता. आणि मी पुण्याला होते त्या आठवड्यातही तो रविवारीच आला होता.

*

त्या सोमवारी मी काही विचारायचं नाही असं ठरवलं. वही कपाटात ठेवली, वर साड्यांचा गठ्ठा. म्हटलं, नुसतं बसू. त्याला कुशीत घेऊ, झोपाळा हलवू, बस्स.

ओजस आला. दप्तर टाकलं, वडी खाल्ली. माझ्या मांडीवर डोकं ठेवलं नाही. समोर स्टूल ओढलं आणि त्यावर ताठ बसला, शाळेत कविता म्हणून दाखवायला बसतात तसा.

"वही कुठंय?"

"आज वही नाही. आज नुसतं बसायचं."

त्याला ते पटलं नाही. "मग मी तोंडानं सांगतो. तू नंतर लिही." आणि त्यानं सुरुवात केली. "शुक्रवारी बाबा ओरडला."

"ओरडला?"

"हो. खूप. आणि जेवायला दिलं नाही."

निनाद काही का असेना, पोराला जेवायला न देणारा माणूस नव्हे. आठवा महिना भरल्यावर याच बाबानं याला पहिला भात भरवला होता, बोटानं मऊ करकरून, माझ्या हातातून वाटी काढून घेऊन. ओजस बोलत होता ते खोटं होतं. मी त्याच्याकडे नीट पाहिलं. एकेक वाक्य बोलून तो थांबत होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होता. भुवयांकडे. ओठांकडे. 'जेवायला दिलं नाही'वर माझ्या कपाळावर आठी पडली असावी, कारण तो घाईनं म्हणाला, "म्हणजे दिलं. पण थोडंच." मग पुन्हा पाहिलं. "आणि मला तुझी खूप आठवण आली. रडलो पण मी. दोनदा."

हाताचे पंजे त्यानं मांड्यांखाली दाबून धरले होते. मी ते सोडवून हातात घेतले. बर्फासारखे गार, आणि ओले.

अकरा सोमवार हे पोर असं बसलं होतं, आणि मी त्याच्या केसांचे पापे घेत होते.

*

प्रयोगशाळेतल्या डॉ. इनामदारांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग दातांच्या डॉक्टरांची पावती मागितली, पडद्यावर दाढेची उंच टेकडी काढली आणि सगळा पट तीन दिवस पुढे ओढला. टेकडी बरोबर बुधवारावर बसली.

"तुमचं म्हणणं बरोबर आहे," ते म्हणाले. ओढलेल्या पटावरचे लाल सोमवार त्यांनाही दिसत होते, मलाही. त्यांनी चष्मा काढला. "आतापर्यंत मला बरेच पालक येऊन सांगून गेलेत की अहवाल चुकला. चुकून आपल्या बाजूनं लागला असं सांगायला कुणी आलं नव्हतं. लेखी द्याल?"

"म्हणूनच आले."

पहिली सही चुकीच्या ओळीवर झाली. दोनदा करावी लागली.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती देवापुढे जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी पोळी वाढता वाढता म्हणाली, "माझ्या अमावास्येनं केलं सगळं."

"नाही गं आई. तुझ्या अमावास्येनं तीन दिवस पुढे-मागे केले फक्त. बाकीचं माझं आहे."

"तुझं काय आहे? लेकराला विचारायचंही नाही का आईनं?" आणि तिनं पातेल्यावर झाकण जोरात आदळलं, पण त्या रात्री माझ्या केसांना तेल लावून दिलं.

न्यायाधीश बाई माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी दोन्ही पट शेजारी शेजारी ठेवून पाहिले. तुम्ही सोमवारी काय करता, असं विचारलं. मी सांगितलं. वही दिली. त्यांनी चार-पाच पानं उलटली आणि मिटली. मला वाटलं होतं रागावतील. त्या म्हणाल्या, "ही वही सगळ्याच आया ठेवतात. वडीलही. आम्हीच ठेवायला लावतो." मग हुकूम सांगितला: सहा महिने चार रात्री वडिलांकडे, तीन आईकडे. दुसऱ्या घरात काय घडलं हे कुणी मुलाला विचारायचं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा केशलेख, तेव्हा पुन्हा ठरवू. माझ्याकडे आता शुक्रवार ते रविवार. सोमवारी सकाळी शाळेत सोडायचं, आणि मग चार रात्री नाही.

बाहेर निनाद भिंतीला टेकून उभा होता. जिंकलेला माणूस असा दिसत नाही.

"का सांगितलंस?" त्यानं विचारलं. "मी नसतं सांगितलं. खरं बोलतो."

"शुक्रवारी तो आता माझ्याकडे असेल," मी म्हणाले. "पोहायला कुठे नेतोस ते सांग. मी नेईन."

त्यानं पत्ता सांगितला. वर म्हणाला, "त्याला खोल बाजूला आवडतं. भिऊ नकोस. मी धरून असतो, तू धर. ओढायचं नाही, नुसता हात खाली ठेवायचा." आणि मान वळवून उभा राहिला.

*

रविवारी संध्याकाळी मी ओजसला नवा आठवडा समजावून सांगितला. जमिनीवर बसून, खडूनं सात चौकोन आखले. रंग कुठलेच भरले नाहीत. या चारांत बाबा, या तिनांत आई. तो पोटावर पालथा पडून चौकोनांवरून दोन बोटं चालवत होता.

"हे आधी तुझे होते," तो म्हणाला. सोम, मंगळ, बुध.

"हो."

"आता बाबाचे."

"हो. आणि बाबाचे शुक्र-शनि माझे. आपण पोहायला जाऊ. तू मला शिकव."

"तुला येत नाही?"

"अजिबात नाही. बुडते मी."

तो हसला. मला वाटलं, सोपं गेलं. त्यानं पुन्हा मोजले, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. बाहेर भंगारवाल्याची हाक येऊन गेली.

"न्यायाधीश आजींनी बदलले?"

"आजी नाहीत रे त्या. हो, त्यांनीच."

"तू दिलीस ना त्यांना ती वही? आपली आजी सांगत होती."

"दिली."

"सगळी?"

"सगळी, राजा."

तो उठून बसला. चौकोनांवरची बोटं त्यानं उचलली, हात मांड्यांखाली घातले. माझ्या भुवयांकडे पाहिलं, मग ओठांकडे. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक, मी तो हलू देत नव्हते. अगदी हळू आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये तसं त्यानं विचारलं,

"मग आई, त्यातलं माझं कुठलं उत्तर चुकलं?"